बिडी सोडण्याची पूर्वतयारी



आजच्या भाषणासाठी विषय ठरला आहे तो धूम्रपान कायमचे सोडण्याच्या पूर्वतयारीचा. बिडी वाईट, सिगारेट वाईट, हे ऐकून सर्वांचे कान किटले आहेत. ओढणाऱ्याला तर ते इतरांपेक्षा अधिक ठाऊक असते, कारण पहाटेच्या खोकल्याची उबळ त्यालाच येते. तेव्हा बिडी का सोडावी याची पोथी आज उघडायची नाही. ज्याच्या मनात सोडायचे आले आहे, त्याने सोडण्याआधी काय काय करून ठेवावे, एवढ्यापुरतेच बोलायचे आहे.

गावोगावी असा एखादा गृहस्थ असतोच. आषाढी एकादशीला चारचौघांत देवापुढे हात जोडून तो म्हणतो, "आजपासून बिडीला शिवणार नाही." लोक शाबासकी देतात. घरची माणसे सुखावतात. तीन दिवस जातात. चौथ्या दिवशी उसाच्या आडोशाला उभा राहून तो एक बिडी ओढतो. इथवर नुकसान एका बिडीचे असते. पण त्यानंतर तो भजनाला मागे बसू लागतो. काकड्याला येईनासा होतो. बायकोने वास आला का म्हणून विचारले की शेजाऱ्याचे नाव सांगतो. आधी त्याला एकच व्यसन होते. आता बिडी आणि लपवालपवी अशी दोन झाली. देवळाची पायरी चढायला ज्याला काल उत्साह होता, त्याला आज संकोच वाटतो. बिडीने त्याची छाती तर बिघडवलीच, शिवाय माणसांतूनही त्याला उठवले.

लोक म्हणतात, याचे मन कच्चे. वास्तविक पाहता तसे नाही. हाच माणूस कडक उन्हात दिवसभर नांगर धरतो, रात्रीच्या पाळीची वीज आली की थंडीत दोन वाजता उठून पाणी धरतो, मुलीच्या लग्नाचे कर्ज वर्षानुवर्षे फेडतो. असा माणूस मनाचा कच्चा कसा? त्याचे चुकले ते एवढेच, की त्याने नांगरट, कुळवणी काही न करता एकदम पेरणी केली. बियाणे चांगले होते, पण जमीन तयार नव्हती. शपथ हे बियाणे आहे. तिच्या आधी रान तयार करावे लागते.

तंबाखू ही काही आपल्या पूर्वजांची वस्तू नव्हे. ती मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीज व्यापाऱ्यांबरोबर ती आपल्या किनाऱ्याला लागली आणि दख्खनेत पसरली. अकबर बादशहाचा सरदार असद बेग विजापूरला गेला असताना त्याला तिथे तंबाखू मिळाली. ती त्याने परत येऊन बादशहापुढे ठेवली. ही गोष्ट सतराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीची. बादशहाने कौतुकाने थोडे झुरके घेतले, पण हकिमाने त्याला अधिक ओढू दिले नाही, असे खुद्द असद बेगने लिहून ठेवले आहे. पुढे १६१७ साली जहांगीर बादशहाने तंबाखूवर बंदीचे फर्मान काढले. फर्मान निघाले, पण तंबाखू राहिली ती राहिलीच.

आपल्या काळात सरकारने २००३ साली तंबाखू नियंत्रणाचा कायदा केला. सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान करण्यास मनाई करणारे सुधारित नियम २ ऑक्टोबर २००८ पासून देशभर लागू झाले. नियम मोडल्यास २०० रुपयांपर्यंत दंडाची तरतूद झाली. हे सर्व चांगलेच झाले. तथापि कायदा माणसाला एस. टी. स्टँडावर थांबवील, त्याच्या स्वतःच्या मळ्यात कोण थांबवणार? तिथे ज्याचा त्यानेच बंदोबस्त करावा लागतो.

बंदोबस्त करायचा तर समोरची वस्तू काय आहे हे आधी समजून घेतले पाहिजे. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धूर आत घेतल्यावर ते काही सेकंदांतच मेंदूपर्यंत पोचते आणि क्षणभर बरे वाटते. मात्र सुमारे दोन तासांत रक्तातले निकोटीन निम्म्यावर येते. मग शरीर पुन्हा मागू लागते. रात्रभर ते मिळालेले नसते, म्हणून सकाळी डोळा उघडताच पहिली बिडी आठवते. ही झाली शरीराची गाठ. बिडी बंद केल्यावर तिचा ताण पहिल्या आठवड्यात, त्यातही पहिल्या काही दिवसांत, सर्वांत जास्त असतो. चिडचिड होते, झोप लागत नाही, कशात लक्ष लागत नाही, भूक वाढते. दोन ते चार आठवड्यांत हे सगळे बरेच निवळते.

दुसरी गाठ सवयीची. चहाचा कप हातात आला की बिडी. जेवण झाले की बिडी. पारावर चौघे जमले की बिडी. कचेरीच्या व्हरांड्यात उताऱ्याची वाट पाहताना बिडी. ही गाठ शरीराच्या गाठीपेक्षा चिवट असते. महिन्याभरात शरीर मागायचे थांबते, पण पार तिथेच असतो आणि चहाही रोज होतोच. म्हणून सहा महिने सुटलेली बिडी एखाद्या लग्नाच्या मांडवात परत हाती येते. पूर्वतयारी करायची ती मुख्यतः या दुसऱ्या गाठीसाठी.

पहिली तयारी नोंदवहीची. पोराच्या शाळेची अर्धी राहिलेली वही घ्यावी आणि चार रकाने आखावेत. वेळ, ठिकाण, सोबत कोण, आणि तलफ किती, म्हणजे फार, थोडी की मुळीच नाही. आठ दिवस बिडी कमी करायची नाही. फक्त प्रत्येक बिडी पेटवण्याआधी नोंद करायची. ज्याला लिहिता येत नाही त्याने नातवाकडून लिहून घ्यावे, किंवा रकान्यात नुसत्या रेघा ओढाव्यात. आठ दिवसांनी वही समोर घेऊन बसले म्हणजे हिशेब कळतो. दिवसाच्या वीस बिड्यांपैकी खरी तलफ म्हणून किती ओढल्या आणि केवळ हात खिशाकडे गेला म्हणून किती ओढल्या, हे आपोआप वेगळे होते. कोणत्या वेळी आणि कोणाच्या संगतीत सांभाळायचे तेही दिसते. शेताची हद्द ठाऊक नसेल तर कुंपण कुठे घालणार?

दुसरी तयारी कारण लिहून ठेवण्याची. "बिडी वाईट म्हणून सोडतो" हे कारण नव्हे, ते पाठांतर झाले. कारण ज्याचे त्याचे असावे. एखाद्याला देवळाचा चढ चढताना तीनदा थांबावे लागते. एखाद्याचा नातू कडेवर घेतल्यावर तोंड फिरवतो. एखाद्याच्या घरी पाच वर्षांच्या पोराला बंडल आणायला टपरीवर पाठवतात आणि वाटेत ते पोर काडी ओठांत धरून ऐटीत झुरके मारल्याची नक्कल करते. हे पाहून ज्याच्या काळजात चर्र झाले, त्याचे कारण तयार झाले. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहावे.

वयाची सबब पुष्कळजण सांगतात. "आता पन्नाशी उलटली, आता सोडून काय मिळणार?" याचे उत्तर मोजून ठेवलेले आहे. ब्रिटनमध्ये १९५१ साली सर रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चौतीस हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांच्या धूम्रपानाच्या सवयींची नोंद घ्यायला सुरुवात केली आणि पन्नास वर्षे त्या मंडळींचा मागोवा घेतला. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जन्मभर सिगारेट ओढत राहिलेली माणसे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी सुमारे १० वर्षे आधी गेली. ज्यांनी साठाव्या वर्षी सोडली त्यांनी त्यांतली सुमारे ३ वर्षे परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी ६, चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी ९, आणि तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी जवळजवळ सगळीच. हा हिशेब सिगारेटचा आहे. पण म्हणून बिडीवाल्याने निर्धास्त राहू नये. बिडीत तंबाखू कमी असली तरी ती विझू नये म्हणून झुरके जास्त आणि जोराने घ्यावे लागतात. त्यामुळे छातीत जाणारे विष काही कमी भरत नाही.

पैशाचाही हिशेब करावा. रोजचे २० रुपये धरले तरी वर्षाचे ७,३०० होतात आणि वीस वर्षांचे १,४६,०००. एवढ्या रकमेसाठी माणूस सोसायटीत किती हेलपाटे घालतो ते सर्वांना माहीत आहे. बिडीवर गेलेल्या पैशाला मात्र कोणी जामीन मागत नाही.

तिसरी तयारी तारखेची. "पुढच्या महिन्यात बघू", "अमावस्या होऊन जाऊ द्या", असे म्हणणाऱ्याची बिडी सुटत नाही. सुमारे दोन आठवड्यांनंतरची एक तारीख धरावी आणि दिनदर्शिकेवर तिच्याभोवती गोल करावा. पेरणीची घाई, सुगी, ऊसतोडीची ओढाताण, यात्रा किंवा घरचे लग्न असलेला आठवडा शक्यतो टाळावा. ज्याची श्रद्धा आहे त्याने पाडवा धरावा, एकादशी धरावी. सणाच्या दिवसाला मान असतो आणि मनाला आधार मिळतो. माळ घालण्याआधी माणूस मनाची तयारी करतो, तोच प्रकार इथे.

इथे एक प्रश्न नेहमी निघतो. हळूहळू कमी करत जावे की एकदम बंद करावे? इंग्लंडमध्ये सुमारे ७०० माणसांवर हे पडताळून पाहिले गेले आणि २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन्ही गटांना तारीख दोन आठवडे आधी ठरवून दिली होती, आणि औषधाची व सल्ल्याची मदतही होती. एका गटाने त्या दोन आठवड्यांत कमी कमी करत नेली. दुसऱ्याने नेहमीप्रमाणे ओढली आणि ठरल्या दिवशी एकदम बंद केली. चार आठवड्यांनंतर हळूहळू सोडणाऱ्यांपैकी शंभरात ३९ जण टिकले होते, तर एकदम सोडणाऱ्यांपैकी ४९. तात्पर्य, तयारी सावकाश करावी आणि तोडताना एका घावात तोडावे. उद्या एक कमी, परवा आणखी एक कमी, असे करताना उरलेली प्रत्येक बिडी जास्त गोड लागू लागते.

चौथी तयारी माणसांची. सर्वांत आधी घरच्यांना तारीख सांगावी. "पहिले आठ-पंधरा दिवस मी चिडेन, तेव्हा जरा सांभाळून घ्या," हे तोंडाने बोलून ठेवावे. नाहीतर कारभारणीला वाटायचे, बिडी होती तेव्हाच घरात शांतता होती. मग तीच म्हणायची, "घ्या बाई ओढून एक." त्यानंतर पारावरच्या सोबत्यांना सांगावे आणि पहिला पंधरवडा पारावर जरा कमी बसावे. टपरीवर बिडीची उधारी असेल तर ती चुकती करून आपले खाते बंद करून घ्यावे. खाते उघडे असले की पाय तिकडे वळतात.

पाचवी तयारी आदल्या संध्याकाळची. घरात आणि रानात जिथे जिथे बिडी, काडेपेटी, लायटर ठेवलेला असेल तिथून तो काढावा. कोपरीचा खिसा, उशाखाली, देवळीत, मोटारीच्या खोलीत, ट्रॅक्टरच्या पेटीत, सगळीकडे पाहावे. एकही "अडीअडचणीला" म्हणून राखून ठेवू नये. अडचण मध्यरात्रीच येते आणि राखलेली बिडी तेव्हाच सापडते. अंथरूण-पांघरूण धुऊन वाळवावे, म्हणजे धुराचा वास जातो. खिशात बिडीच्या जागी बडीशेप, लवंग, ओवा किंवा भाजलेले हरभरे ठेवावेत. चहाबरोबर बिडीची सवय असेल त्याने काही दिवस चहाची जागा बदलावी. ओट्यावर पीत असेल तर चुलीपाशी बसून प्यावा.

पुष्कळांची समजूत असते की सकाळी बिडीशिवाय पोट साफ होत नाही. शरीराला सवय लागलेली असल्यामुळे पहिले काही दिवस तसा त्रास होतो हे खरे. पण त्यावर उपाय बिडी नव्हे. उठल्याबरोबर तांब्याभर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, जाडी भाकरी आणि थोडे चालणे, एवढ्याने आतडे आपल्या चालीवर येते.

आता एक धोक्याची सूचना. बिडी सोडली आणि तंबाखू मळायला लागला, हा प्रकार आपल्याकडे फार. सोसायटीचे कर्ज नवे-जुने करावे तसे हे आहे. कागद बदलतो, कर्ज तेवढेच राहते. २०१६-१७ च्या देशव्यापी पाहणीत महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ शंभरात सुमारे ४ आढळले, आणि तंबाखू खाणारे किंवा मिश्री वगैरे लावणारे सुमारे २४. याचा अर्थ आपल्या राज्यात धुरापेक्षा चुन्याचेच दुखणे मोठे आहे. तोंडाचा कर्करोग त्या वाटेने येतो. म्हणून वहीत सोडायच्या यादीत बिडी, सिगारेट, तंबाखू, गुटखा, मिश्री असे सर्व एकत्र लिहावे. मिश्री लावणाऱ्या भगिनींनीही ही सगळी तयारी जशीच्या तशी आपल्यासाठी वापरावी.

ज्याला एकट्याला जमत नाही त्याने मदत मागायला लाजू नये. केंद्र सरकारची तंबाखू सोडवणारी दूरध्वनी सेवा २०१६ साली सुरू झाली. तिचा क्रमांक १८००-११-२३५६ असा असून त्यासाठी पैसे पडत नाहीत. २०१८ पासून हा क्रमांक तंबाखूच्या पाकिटांवर छापण्यात येऊ लागला. विकत घेतलेल्या पाकिटावर सुटण्याची वाट छापलेली असावी आणि ती कोणी वाचू नये, असे होऊ देऊ नका. औषधांच्या दुकानात निकोटीनची चघळायची गोळीही मिळते. ती थोडी चघळून गालात धरून ठेवायची असते, सुपारीसारखी चावून गिळायची नसते. हृदयविकार असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल, तर बिडीचाच खोकला म्हणून घरी न बसता प्राथमिक आरोग्य केंद्रात थुंकी तपासून घ्यावी. धूम्रपान करणाऱ्याला क्षयाचा धोका अधिक असतो.

ठरलेला दिवस उजाडल्यावर काय करावे? तलफ येईल हे धरूनच चालावे. ती फार तर काही मिनिटे जोरात असते, मग ओसरते. तेवढी मिनिटे काढायची. घोटभर पाणी प्यावे, सावकाश खोल श्वास घ्यावा, हातात काहीतरी काम घ्यावे, जागा बदलावी. "जन्मभर बिडी नाही" असा विचार तेव्हा करू नये, त्याने छाती दडपते. "ही एक ओढायची नाही," एवढेच म्हणावे. काही जणांना सोडल्यानंतर खोकला थोडा वाढल्यासारखा वाटतो. छाती आतून साफ होऊ लागल्याचे ते लक्षण असते. हळूहळू श्वास लांब होतो, जेवणाला चव येते. साधारण एका वर्षात बिडीमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका निम्म्यावर येतो.

आणि समजा, तोल गेला आणि एक बिडी ओढली गेली, तर? एका बिडीने शपथ मोडली असे समजून सगळे बंडल संपवायचे नाही. बैल एकदा तासाबाहेर गेला म्हणून कोणी औत सोडून घरी जात नाही. त्याला परत तासात घेतो. त्याच दिवशी वही काढावी आणि कुठे, कोणाबरोबर, कशामुळे हे लिहावे. ती जागा कुंपणातली फट होय, तिथे काटे लावावेत. घरच्यांपासून मात्र लपवू नये. बहुतेकांची बिडी पहिल्या प्रयत्नात सुटत नाही, दुसऱ्या-चौथ्या प्रयत्नात सुटते. ज्याने लपवले त्याचा पुढचा प्रयत्नच होत नाही, हे सर्वांत मोठे नुकसान.

इथे गावाचेही कर्तव्य येते. जो सोडतो आहे त्याला गमतीने बिडी पुढे करू नये. तो घसरला तर "काय बुवा, एकादशी संपली का?" म्हणून हसू नये. आपल्या एका हसण्याने माणूस उसाच्या आडोशाला जातो. त्याऐवजी त्याला भजनात पुढे बसवावे आणि टाळ त्याच्या हातात द्यावा, हातही गुंतलेले राहतील. लग्नकार्यात पाहुण्यांपुढे पानाच्या तबकात सिगारेट ठेवण्याची चाल आहे, ती बंद करावी. मुलांना बंडल आणायला पाठवू नये. अठरा वर्षांखालील मुलांना तंबाखू विकणे हा कायद्याने गुन्हा आहे, हे दुकानदारांनाही माहीत आहे. आणि ज्या सभामंडपासाठी सर्वांनी आपल्या घामाचे पैसे दिले, त्याच्या पायऱ्यांवर थोटके दिसणार नाहीत, एवढे तर सर्वांच्या हातचे आहे.

तेव्हा ज्यांच्या मनात बिडी सोडायचे आहे, त्यांनी आज इथे हात वर करून शपथ घेण्याची घाई करू नये. आज घरी जाऊन एक वही शोधावी, चार रकाने आखावेत, आणि उद्या सकाळच्या पहिल्या बिडीची नोंद करावी. दोन-तीन आठवड्यांत दिनदर्शिकेवर गोल केलेली तारीख येईल. त्या दिवशी देवापुढे यावे आणि काय सांगायचे ते सांगावे.